पंप कुणाच्या पाठीवर?

मागच्या महिन्यात आपल्या अभ्यासवर्गात भांडण झालं. चांगलं कचकचीत झालं. विषय शेतीचा होता. एक मित्र उठला आणि म्हणाला, रासायनिक शेतीनं देशाचं वाटोळं केलं, आता सेंद्रियकडं, नैसर्गिककडं वळलंच पाहिजे, आपल्या पूर्वजांची शेती तीच खरी. दुसरा तावातावानं उठला. म्हणाला, हे सगळं शेणामुताचं थोतांड आहे, बाबासाहेब विज्ञानवादी होते, यंत्राच्या बाजूचे होते, म्हणून आपण जीएम बियाण्याच्या बाजूनं उभं राह्यलं पाहिजे. दोघंही आपलेच. दोघंही मनापासून बोलत होते. पहिला एका संस्थेत कामाला आहे, दुसरा बियाण्याच्या धंद्यात. त्यात लपवण्यासारखं काही नाही, पोट सगळ्यांनाच आहे. पण दोन तास घसा फोडूनसुद्धा एक शब्द त्या खोलीत कुणाच्या तोंडून निघाला नाही. मजुरी.

मागं भिंतीला टेकून यवतमाळकडचा एक पोरगा बसला होता. त्याचा बाप फवारणीला जातो. पोरगा शेवटपर्यंत गप्प. चहाच्या वेळेला मी विचारलं, का रे, तू का नाही बोललास? म्हणाला, "दादा, हे दोघंई शेतकऱ्याच्या शेतीबद्दल बोलून राह्यले. आमची शेतीच नाई. आमच्यापाशी फक्त पंप हाय. तोबी मालकाचा."

त्या पोरासाठी हे लिहितोय. ज्यांना झोंबेल त्यांना झोंबू दे.

०००

आधी २०१७ साल घ्या. जुलै ते ऑक्टोबर. यवतमाळ जिल्हा. त्या साली पऱ्हाटी डोक्याएवढी वाढली. गुलाबी बोंडअळी बीटीला जुमानेनाशी झाली होती, रस शोषणारी कीड वेगळीच. म्हणून फवाऱ्यावर फवारे. दोन-दोन, तीन-तीन औषधं एकाच पंपात कालवून. औषधं म्हणायचं बरं का! विषाला औषध म्हणायची आपल्या खेड्यातली रीत आहे. दुकानदार औषध म्हणतो, मालक औषध म्हणतो, म्हणून मजूरही औषध म्हणतो आणि उघड्या हातानं कालवतो.

झाड कमरेएवढं असलं की फवारा खाली जातो. झाड डोक्यावर गेलं की फवारा वर मारावा लागतो आणि तो वाऱ्यानं उलटा तोंडावर येतो. वरून उकाडा, अंगाला घाम, सदरा ओला. पंपाच्या हिशेबानं मजुरी, म्हणजे जितके पंप तितके पैसे, म्हणून थांबायचं नाही. यवतमाळ जिल्ह्यात वीसच्या वर माणसं मेली. आठशेच्या वर दवाखान्यात पडली. मेलेल्यांत लहान शेतकरीही होते आणि एक गुंठाही नसलेले मजूरही होते.

ह्यातली बरीच विषं थेट नसांवर चालतात. नसेनं स्नायूला दिलेला निरोप थांबवणारं एक द्रव्य शरीरात असतं. हे विष त्यालाच मारतं. मग निरोप थांबतच नाही. घाम, लाळ, उलट्या, डोळ्यांपुढं अंधारी, झटके आणि अखेर श्वास बंद. ह्याला उतारा आहे, अ‍ॅट्रोपिन. पण तो वेळेत मिळाला पाहिजे आणि डॉक्टरला कुठलं विष होतं ते कळलं पाहिजे. डबा मालकाच्या घरी, मजूर दवाखान्यात. कसं कळणार?

मग चोहोकडनं एकच सूर निघाला. मजुरांनी मास्क लावला नाही, हातमोजे घातले नाहीत, गॉगल लावला नाही. म्हणजे मेला तो त्याच्याच चुकीनं मेला! विदर्भाच्या उकाड्यात, पाठीवर भरलेला पंप घेऊन, रबरी मोजे घालून तो साहेब एक दिवस फवारून दाखवो. मग बोलो.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. मोनोक्रोटोफॉस नावाचं विष आहे. भाजीपाल्यावर ते मारायला २००५ सालापासून बंदी. कापसावर मात्र चालू. नीट समजून घ्या ह्याचा अर्थ. भाजी खाणाऱ्याच्या पोटात ते जाऊ नये ह्याची काळजी सरकारला होती. कापूस कुणी खात नाही. कापसावर फवारणाऱ्याच्या फुप्फुसात गेलं तर गेलं. २०१३ साली बिहारात छपऱ्याकडं गंडामन गावात शाळेच्या दुपारच्या जेवणात हेच विष गेलं आणि २३ पोरं मेली. तरी ते पुढं दहा वर्षं विकलं गेलं. २०२३ साली केंद्रानं त्याचं ३६ टक्क्यांचं द्रावण बंद करायचा हुकूम काढला, तोही हाती असलेला साठा खपवायची सवलत ठेवून.

तेव्हा रासायनिक शेतीचं गुणगान माझ्यापुढं गाऊ नका. पण सेंद्रियवाल्या मित्रा, तूही टाळ्या वाजवू नकोस. तुझीही पाळी आहे.

०००

तुमच्या बाजारात पाटी असते, 'विषमुक्त अन्न'. दुप्पट भाव. घेणारे मोटारीतनं येतात. मी विचारतो, विषमुक्त अन्न खाणाऱ्यासाठी, मग विषमुक्त काम कुणासाठी? पाकिटावर लिहिलेलं असतं की ह्यात रसायन नाही, देशी बियाणं आहे, प्रेमानं पिकवलंय. निंदणाऱ्या बाईला दिवसाचे किती दिले ते लिहिलेलं नसतं. रसायन नाही म्हणजे तण जास्त, निंदण जास्त, खत वाहून टाकायचं काम जास्त. तेवढे वाकून काम करायचे दिवस वाढले. भाव दुप्पट झाला, मजुरी दुप्पट झाली का?

आणि हे 'पूर्वजांची शेती' काय प्रकरण आहे? कुणाचे पूर्वज? २०१५ साली केंद्रानं सेंद्रियसाठी योजना काढली, तिचं नावच परंपरागत कृषी विकास योजना. परंपरागत! आमच्या परंपरेत शेती नव्हती, वतन होतं. वतन म्हणजे सगळ्या गावाची चाकरी, मेलेलं ढोर ओढायचं आणि खळ्यावर हात पसरायचा. मळणीचे बैल कणसं खात, त्यांच्या शेणात पडलेले ज्वारीचे दाणे वेचून, धुऊन, दळून आमच्या आज्यांनी भाकरी केल्या. आपल्या आत्मकथनांत ते लिहून ठेवलेलं आहे. ती शेती शंभर टक्के सेंद्रिय होती. युरियाचा कण नव्हता. त्या सोन्याच्या काळात आम्हाला परत न्यायचंय का तुम्हाला?

आता शेणाकडं येतो. १९२७ च्या मार्चमध्ये बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्याचं पाणी प्याले. सनातन्यांना तळं बाटलं असं वाटलं. मग त्यांनी ते शुद्ध केलं. कशानं? शेण, गोमूत्र, दूध, दही कालवलेल्या १०८ घागरी तळ्यात ओतून. माणसाच्या हातानं बाटलेलं पाणी ढोराच्या शेणानं शुद्ध होतं हे शास्त्र आम्ही सोसलेलं आहे. म्हणून कुणी गोमूत्राचा महिमा सांगायला लागला की आमचे कान टवकारतात. ते टवकारलेच पाहिजेत.

अमरावती जिल्ह्यातले सुभाष पाळेकर ह्यांनी झिरो बजेट शेती सांगितली. २०१६ ला त्यांना पद्मश्री मिळाली, २०१९ च्या केंद्राच्या बजेटच्या भाषणात त्या शेतीचं नाव आलं आणि २०२४ च्या नोव्हेंबरात केंद्रानं नैसर्गिक शेतीचं राष्ट्रीय मिशन मंजूर केलं, २,४८१ कोटींचं. त्यातलं जीवामृत कसं करतात? दोनशे लिटर पाणी, दहा किलो शेण, पाच-दहा लिटर गोमूत्र, बांधावरची मूठभर माती, दोन किलो गूळ आणि दोन किलो बेसन. एका एकराला. मित्रांनो, दोन किलो गूळ आणि दोन किलो बेसन! आमच्या घरात सणाला एवढं येत नाही. ज्यांच्या घरात आहे त्यांचं बजेट झिरो.

शेण कुठलं, तर देशी गाईचं. म्हशीचं कमी गुणाचं, जर्सीचं तर नकोच. म्हणजे शेणालाही जात! आणि ती गाय कोण पाळणार? २०१५ पासून राज्यात गाईबरोबर बैल आणि वळूही कापायला बंदी. भाकड झालेलं, म्हातारं जनावर विकायची वाट बंद. त्याचा चारा लहान शेतकऱ्यानं कुठनं आणायचा? खाटकाचा धंदा गेला, कातड्याचा गेला, आमच्या ताटातलं स्वस्त मांस गेलं. ३० सप्टेंबर २०२४ ला महाराष्ट्र सरकारनं देशी गाईला राज्यमाता करून टाकलं. ११ जुलै २०१६ ला गुजरातेत उन्याला मेलेल्या गाईचं कातडं सोलणाऱ्या आपल्या पोरांना गाडीला बांधून झोडपलं, ते आपण सगळ्यांनी पाह्यलं. सोलत होते ते मेलेल्या जनावराला. वर्षानुवर्षं तेच काम ह्याच गावानं आमच्यावर लादलं होतं.

आता कुणी म्हणेल, हा शेणखताच्या विरोधात आहे. मुळीच नाही. शेणखतानं जमीन भुसभुशीत राहते, पाणी धरते, हे माझ्या आजीला ठाऊक होतं. तिला शाळा नव्हती. नुसत्या युरियाच्या गोण्या ओतून जमीन थकते, हेही खरं आहे. कुजवलेल्या शेणात जिवाणू वाढतात, हेही खरं. पण ते जिवाणू आहेत, देव नाहीत. ते शेळीच्या लेंडीतही आहेत, म्हशीच्या शेणातही आहेत. शेळी ही भूमिहीनाची गाय आहे. मग सरकारी मिशनमध्ये शेळीच्या लेंडीचा महिमा का नाही? कारण लेंडीला धर्म नाही. बुद्धानं कालामांना सांगितलं, परंपरा आहे म्हणून मानू नका, गुरू सांगतो म्हणून मानू नका, स्वतः पारखा. शेणही पारखा.

आणि पारखल्याशिवाय एका रात्रीत हुकूम काढला की काय होतं तेही बघा. २०२१ च्या एप्रिलमध्ये श्रीलंकेच्या सरकारनं रासायनिक खतांची आयात बंद केली, सगळा देश सेंद्रिय करतो म्हणाले. भाताचं पीक पडलं, तांदूळ बाहेरनं आणावा लागला, नोव्हेंबरात हुकूम मागं घ्यावा लागला. धान्य महागलं की पहिल्यांदा कुणाची चूल विझते? शेत कसणाऱ्या मालकाची नाही. विकत घेऊन खाणाऱ्या मजुराची. आपण रेशनचं धान्य खाणारी माणसं आहोत हे विसरून चालणार नाही. साठीच्या दशकात हायब्रीड ज्वारी आली, पावसात कणसं काळी पडायची. मालकानं आपल्या घरी मालदांडी ठेवली आणि मजुरीत आम्हाला ती काळी ज्वारी घातली. पण १९७२ च्या दुष्काळात काय खाल्लं ते घरी जाऊन विचारा. सुकडी आणि लाल मिलो. ती भूक पाह्यलेला माणूस जास्त पिकणाऱ्या दाण्याला सहजासहजी शिव्या देणार नाही.

०००

आता तू, विज्ञानवादी मित्रा.

२६ मार्च २००२ ला बीटी कापसाला परवानगी मिळाली. मातीतल्या एका जिवाणूचा जनुक सरकीत घातला, त्यानं झाड स्वतःच अळीला मारणारं विष तयार करायला लागलं. सुरुवातीला बोंडअळीचे फवारे कमी झाले. हे मी नाकारत नाही, नाकारू नये. फवारे कमी म्हणजे पंप कमी, पाठीवरचं विष कमी. आपल्याच फायद्याचं होतं ते. पण ४५० ग्रॅमचं पाकीट सोळाशेच्या पुढं. २००६ ला आंध्र सरकारनं दावा ठोकला तेव्हा कुठं ते साडेसातशेच्या आसपास आलं. एवढा भाव खाली येऊ शकत होता, तर आधी कुणाच्या घशात चालला होता?

पुढं अळी शिकली. अळीला शाळा लागत नाही. २०१० ला कंपनीनंच सांगितलं की गुजरातेत पहिल्या बीटीला गुलाबी बोंडअळी दाद देत नाही. दोन जनुकांचं दुसरं बीटी २००६ लाच आलं होतं, तेही २०१४-१५ नंतर ढेपाळलं. २०१७ ला महाराष्ट्रात बोंडंच्या बोंडं किडली. आणि त्याच साली यवतमाळला माणसं मेली. फवारे कमी करायला आलेलं बियाणं, आणि त्याच बियाण्याच्या शेतात फवाऱ्यानं माणसं मेली. ह्याला विज्ञानाचा पराभव म्हणू नका. जनुक बरोबर होता, धंदा वाईट होता.

धंदा कसा ते सांगतो. आपल्याकडं बीटी आणलं ते संकरित वाणात. संकरिताची सरकी ठेवून पुढच्या साली पेरली तर पीक नीट येत नाही. म्हणजे दर साली पाकीट घ्या. चीननं तोच जनुक सरळ वाणात घातला. सरळ वाणाचं बियाणं घरचं घरी ठेवता येतं. आपल्या नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेनं धारवाडच्या विद्यापीठाबरोबर बिकानेरी नरमा ह्या सरळ वाणाचं सरकारी बीटी काढलं होतं. स्वस्त, परत पेरता येणारं. २००९ ला ते बाजारात आलं आणि लगेच मागं घ्यावं लागलं, कारण त्यात खाजगी कंपनीचाच जनुक सापडला. सरकारी विज्ञान असं तोंडावर आपटलं आणि रान मोकळं झालं. ह्याबद्दल तुझ्या कंपनीतला साहेब कधी बोलतो का?

आता तणनाशक सोसणारी एचटीबीटी सरकी. तिला सरकारची मंजुरी नाही. २०१९ च्या जूनमध्ये अकोला जिल्ह्यात अकोट तालुक्यात शेतकरी संघटनेनं ती उघड पेरली, कायदा मोडून. तंत्रज्ञानाचं स्वातंत्र्य पाहिजे म्हणाले. त्याआधी आणि त्यानंतरही ती चोरून विकली जाते, गावोगाव पेरली जाते. ती पेरली की शेतात सरसकट ग्लायफोसेट मारायचं, तण मरतं, पऱ्हाटी उभी राहते. निंदणीचा खर्च वाचतो.

निंदणीचा खर्च! मित्रांनो, मालकाचा जो खर्च आहे तीच आपल्या मायबहिणींची पावसाळ्यातली मिळकत आहे. जून ते सप्टेंबर निंदण, पुढं वेचणी, ह्यावर वस्तीतली चूल चालते. मालक म्हणतो, "बाया मिळत नाहीत, बाया माजल्या." बाया मिळत नाहीत ह्याचा अर्थ त्या भावात मिळत नाहीत. रोजगार हमीवर चार पैसे जास्त मिळायला लागले की सुगीत हमीची कामं बंद ठेवा म्हणून ओरडणारे हेच. त्यांचं भांडण तणाशी नाही, मजुरी मागणाऱ्या बाईशी आहे. तण उपटता येतं, पण बोलणारी बाई कशी उपटायची? म्हणून तणनाशक.

पण इथंही मी खोटं बोलणार नाही. निंदण म्हणजे काही सोहळा नाही. दिवसभर चिखलात वाकून कंबर मोडते, हात सोलतात, पोर बांधावर रडत असतं. खुरपं आम्हाला प्यारं नाही. उद्या यंत्र आलं आणि ते खुरपं म्युझियममध्ये गेलं तर मी पेढे वाटीन. प्रश्न एवढाच की त्या दिवशी ती बाई काय खाणार? ज्यानं तणनाशक आणलं त्यानं ह्याचं उत्तर आणलं नाही. ज्यानं तणनाशकाला विरोध केला त्यानंही नाही. त्याला त्याच्या मातीची काळजी, ह्याला त्याच्या नफ्याची.

वस्तीतल्या एका म्हातारीला मी हे सगळं समजावून सांगत होतो. सेंद्रिय असं, बीटी तसं. ती ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली, "बापू, मले तुमचं सेंद्रिय बी समजत नाई न् बीटी बी समजत नाई. थ्या शेतात निंदाले गेलं तरी कंबर दुखते, ह्या शेतात गेलं तरी दुखते. रोज किती भेटते थे बोला." मला उत्तर देता आलं नाही. तुम्ही देऊ शकता?

०००

दोन्ही बाजू बाबासाहेबांना साक्षीला बोलावतात, म्हणून तेही बोललं पाहिजे.

हो, बाबासाहेब यंत्राच्या बाजूचे होते. चरखा आणि खेड्याची भक्ती त्यांनी धुडकावली. १९१८ साली लहान शेतांवर निबंध लिहिला तेव्हाच त्यांनी सांगितलं की शेतीवर बसलेला माणसांचा बोजा उद्योगांकडं वळवल्याशिवाय शेती सुधारणार नाही. पण तेवढंच वाचून पुस्तक मिटायचं नसतं. १७ सप्टेंबर १९३७ ला त्यांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती मोडायचं बिल आणलं. १९३८ च्या जानेवारीत हजारो कुळं घेऊन ते कौन्सिलवर मोर्चानं गेले. आणि १९४७ साली राज्ये आणि अल्पसंख्याक ह्या मसुद्यात त्यांनी लिहून ठेवलं की जमीन सरकारच्या मालकीची असावी, ती गावकऱ्यांना जातपात न बघता सामुदायिक कसायला द्यावी, म्हणजे जमीनदार राहणार नाही, कूळ राहणार नाही आणि भूमिहीन मजूरही राहणार नाही. पाणी, जनावरं, अवजारं, खत, बियाणं हे पुरवणं सरकारचं काम.

वाचा परत. खत आणि बियाणं. ज्या दोन गोष्टींवरनं आज आपण भांडतोय त्या बाबासाहेबांनी पंचाहत्तर वर्षांपूर्वीच जागच्या जागी ठेवल्या होत्या. जमीन आधी. तिच्या मागोमाग खत आणि बियाणं. आपण मागची गोष्ट घेऊन भांडतोय आणि आधीची विसरलोय. जोतिरावांनी १८८३ साली शेतकऱ्याच्या असूडात बंधारे, तळी, सुधारलेली शेती आणि विद्या हे सगळं मागितलं होतं. त्यांनाही जुन्याचं कौतुक नव्हतं आणि नव्याची भीतीही नव्हती. कुणाच्या हातात, एवढंच ते विचारत.

आज काय आहे हातात? २०१५-१६ च्या कृषिगणनेत देशातल्या वहिती खात्यांपैकी दलितांची खाती १२ टक्क्यांच्या आसपास आणि क्षेत्र ९ टक्क्यांच्याही आत. लोकसंख्या मात्र २०११ ला १६.६ टक्के. पीएम-किसानचे सहा हजार जमिनीच्या कागदावर. पीककर्ज जमिनीच्या कागदावर. आत्महत्येनंतरचा एक लाखसुद्धा आपल्या राज्यात सातबारा बघून. २०२२ साली शेतीतल्या ११,२९० माणसांनी आत्महत्या केली अशी सरकारी नोंद आहे. त्यातले ५,२०७ शेतकरी आणि ६,०८३ शेतमजूर. मजूर जास्त! कुठल्या पेपरात मथळा पाह्यला 'शेतमजुरांच्या आत्महत्या' असा? सातबारा नसलेल्याचं मरणही नोंदीबाहेर, गावकुसाबाहेर.

आणि गायरान. शब्दच बघा ना. गाईच्या नावानं रान आहे, आमच्या नावानं नाही. दादासाहेब गायकवाडांच्या पुढारपणाखाली १९५९ ला आणि पुन्हा १९६४-६५ ला आपली माणसं लाखांनी तुरुंगात गेली ती पडीक जमिनीसाठी. पुढं मराठवाड्यात एकनाथ आवाडांनी गायरानाची लढाई लढवली, मार खात, बहिष्कार सोसत. १४ एप्रिल १९९० पूर्वीची आपली अतिक्रमणं नावावर करायचा शासन निर्णय १९९१ ला निघाला. किती जणांच्या नावावर झाली ते प्रत्येकानं आपापल्या तालुक्यात जाऊन मोजावं. दादासाहेबांच्या नावाची सबलीकरण योजना २००४ ला आली, भूमिहीनाला चार एकर जिरायत नाहीतर दोन एकर बागायत. कागदावर सुंदर आहे. त्या भावात आपल्याला जमीन विकायला गावातला कोण तयार होतो, तेही विचारा.

०००

मग शेती करायची कशी? एक उदाहरण सांगतो. तेलंगणात जहीराबादकडं, आपल्या सरहद्दीपासून फार लांब नाही, पस्तापूर भागात डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीचे बायांचे संघम आहेत. बहुतेक बाया दलित. १९८३ पासूनचं काम. त्यांनी पडीक जमिनी वहितीखाली आणल्या, एकत्र येऊन खंडानं घेतल्या. ज्वारी, राळा, सावा, तूर, अशी पिकं एकाच वावरात मिसळून घेतली. रसायन नाही. बियाणं घरात, टोपल्यांत, बायांच्या ताब्यात. आपसात धान्याचा कोठा उभारला आणि गरिबाला स्वस्तात धान्य दिलं. २०१९ ला त्यांना इक्वेटर पुरस्कार मिळाला.

ही सेंद्रिय शेती आहे. पण नीट बघा, तिथं आधी काय आलं? जमीन आली, बियाणं हातात आलं, बायांची सभा आली. तिथं पीक मालकाच्या खळ्यावर जात नाही. अशी सेंद्रिय असेल तर मी पहिला सेंद्रियवाला. आणि उद्या सरकारी प्रयोगशाळेतनं कीड न लागणारं, घरी ठेवता येणारं, नीट तपासलेलं जीएम बियाणं ह्याच बायांच्या टोपलीत आलं आणि त्यांनी सभेत बसून ते पसंत केलं, तर मी त्यालाही नाही म्हणणार नाही. दोन्ही ठिकाणी माझी कसोटी एकच. पंप कुणाच्या पाठीवर, जमीन कुणाच्या नावावर, मजुरी किती.

म्हणून आपल्या मागण्या ह्या असाव्यात असं मला वाटतं. त्यात भर घाला, खोडा, भांडा.

१) मालकानं डबा आणि त्यावरचा त्रिकोण दाखवल्याशिवाय पंप उचलायचा नाही. लाल त्रिकोणाचं विष पाठीवर घ्यायचंच नाही. नकार दिला म्हणून कुणाचं काम सुटता कामा नये.

२) फवारणाऱ्या मजुराची नोंद ग्रामपंचायतीत. तालुक्याच्या दवाखान्यात अ‍ॅट्रोपिन आणि रक्ताची तपासणी. मेला तर सातबारा न विचारता भरपाई.

३) सेंद्रिय, नैसर्गिकच्या नावावर अनुदान घेणाऱ्यानं किमान मजुरी दिल्याचा कागद दाखवावा. गाईची अट नको. शेळी, म्हैस, कोंबडी, सगळ्यांचं खत सारखं.

४) बियाणं सरकारी संस्थेचं, सरळ वाणाचं, परत पेरता येणारं. देशी असो का जीएम, चाचणीचे आकडे मराठीत गावापुढं ठेवा.

५) तणनाशक आणि यंत्र येण्याआधी निंदणीच्या तेवढ्या दिवसांच्या रोजगाराची हमी. नंतर नाही, आधी.

६) गायरान कसणाऱ्याच्या नावावर. बाईचं नाव पहिलं.

आणि शेवटची गोष्ट आपल्याच माणसांसाठी. पुढचा अभ्यासवर्ग खोलीत, पंख्याखाली घ्यायचा नाही. ऑगस्टात घ्या, निंदण चालू असताना, बांधावर. दोन्ही मित्रांनी यावं. एकानं सेंद्रियवर बोलावं, एकानं जीएमवर. मध्ये ती म्हातारी बसेल. तिचा एकच प्रश्न आहे. त्याचं उत्तर घेऊन या.

जयभीम!